एक पेडल जास्त: स्टील गिटारवरच्या कॉर्डचं गणित

स्टील गिटार आडवी ठेवून वाजवतात. तारा बोटाने पडद्यावर दाबायच्या नाहीत. डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी सळई त्यांच्यावर टेकवायची आणि सरकवायची. त्यामुळे मींड या वाद्यात जन्मजातच आहे. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनी रेडिओवर ऐकल्या आहेत, त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. शब्द नसलेलं गाणंही गायल्यासारखं वाटतं, ते या सळईमुळे.

पण सळई सरळ असते आणि तिथेच अडचण सुरू होते. समजा तीन तारा सा, ग, प अशा लावल्या. सळई दोन घरं पुढे नेली की रे, तीव्र म, ध मिळतात. अंतरं तीच, कॉर्ड मेजरच, फक्त पट्टी बदलली. सळई कुठेही न्या, सगळ्या तारा एकाच प्रमाणात चढतात किंवा उतरतात. मायनर हवा असेल तर मधला सूर तेवढा अर्ध्याने उतरायला हवा आणि बाकीचे दोन जागेवर राहायला हवेत. सरळ सळईला ते जमत नाही. वादक सळई तिरकी धरून काही जोड्या साधतात. दोन तारांवर हे शोभून दिसतं, तीन तारांवर मात्र सूर नेमका लागणं फार कठीण.

या एका मर्यादेला जगात दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली. भारतातल्या वादकांनी कॉर्डचा नादच सोडला. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर रागसंगीत आणलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची तबकडी आजही ऐकली जाते. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला तरबेच्या तारा आल्या आणि राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. रागात सा स्थिर, सूर एकच चालता, तेव्हा सळईची मर्यादा आड येतच नाही. अमेरिकेतल्या वादकांना मात्र गायकामागे कॉर्ड भरायचे होते. त्यांनी वाद्याखाली यंत्र बसवलं.

हवाईपासून पेडलपर्यंत

स्टील गिटारचं श्रेय साधारणपणे हवाईच्या जोसेफ केकुकू यांना देतात. काळ १८८० च्या दशकाचा शेवट. त्याच सुमारास हवाईत पोचलेल्या, भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन या तरुणाचं नावही या शोधाशी जोडलं जातं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाईचं संगीत अमेरिकाभर पसरलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी स्टील गिटार आली. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले.

विजेमुळे आवाज लांबला आणि लांबलेल्या आवाजात सूर बदलण्याला अर्थ आला. १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीने पेडल असलेली ‘इलेक्ट्राहार्प’ काढली. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलवाली गिटार बांधली. पण पेडलचा वापर तेव्हा बहुधा एक कॉर्ड संपवून दुसरा लावून घेण्यापुरता होत असे. खरं वळण वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्याने दिलं. १९५४ मध्ये गाजलेल्या या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबलं. दोन सूर वर चढले, तिसरा तसाच राहिला. ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलतानाच ऐकू आला.

बडी एमन्स आणि जिमी डे या तरुण वादकांनी पुढे या एका पेडलचे दोन केले. आयझॅक्स यांच्याकडे जे दोन सूर एकत्र चढत, ते आता वेगवेगळे चढवता येऊ लागले. आजच्या पेडल स्टीलची सगळी भाषा या विभागणीतून आली आहे.

दहा तारा, सरगममध्ये

सर्वाधिक वापरात असलेल्या लावणीला ‘ई-नाइन्थ’ म्हणतात. ई या सुराला सा मानलं तर वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून जवळच्या तारेपर्यंत दहा तारा अशा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन तारा, रे आणि नी, एमन्स यांनी १९६२ मध्ये भर घातलेल्या. त्या बाकीच्यांच्या क्रमात बसत नाहीत, पण त्यांच्यामुळे सळई न हलवता सरळ सप्तक वाजवता येतं.

डाव्या पायाखाली तीन पेडल असतात. ए पेडल प चा ध करतं. बी पेडल ग चा म करतं. सी पेडल सा चा रे आणि प चा ध करतं. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर असतो. गुडघ्यांसाठी तरफा असतात. एक तरफ सा ला अर्ध्याने चढवून कोमल रे करते, दुसरी सा ला अर्ध्याने उतरवून नी करते.

आता नुसते पाय हलवून काय होतं ते पाहा. काहीच दाबलं नाही तर सा-ग-प, म्हणजे सा चा मेजर. ए आणि बी एकत्र दाबले की सा-म-ध, म्हणजे म चा मेजर. फक्त ए दाबलं तर ध-सा-ग, हा ध चा मायनर. बी आणि सी दाबले तर रे-म-ध, रे चा मायनर. सा ला नी करणारी तरफ एकटीच लावली तर ग-प-नी, ग चा मायनर. तिच्या जोडीला बी दाबलं की प-नी-म, आणि हवा तर पहिल्या तारेवरचा रे. हा पंचमाचा सेव्हन्थ कॉर्ड, पुन्हा सा कडे परतायला उत्सुक. एखाद्या सप्तकात नैसर्गिकपणे येणारे बहुतेक कॉर्ड सळई एकाच घरावर ठेवून मिळतात.

तेच एका कॉर्डच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. जी मेजर तिसऱ्या घरावर पेडलशिवाय मिळतो, सहाव्या घरावर ए पेडल आणि कोमल रे ची तरफ एकत्र वापरून मिळतो आणि दहाव्या घरावर ए-बी दाबून मिळतो. एकाच कॉर्डकडे तीन वाटांनी येता येतं. कुठून आलो आणि पुढे कुठे जायचं आहे, यावर वाट ठरते.

पेडलच्या क्रमातही हिशोब आहे. ए-बी एकत्र लागतात, बी-सी एकत्र लागतात. म्हणून बी मध्ये, दोन शेजारची पेडलं एकाच पावलाखाली यावीत म्हणून. ए आणि सी एकत्र दाबायची गरजच नाही, कारण ए चं काम सी मध्ये आधीच आहे.

मग आणखी एक बदल कशाला?

इथवर मिळालेल्या कॉर्डमध्ये एक उणीव आहे. म चा मेजर सहज मिळतो, पण म चा मायनर नाही. सा-म-ध नंतर सा-म-कोमल ध आणि मग परत सा-ग-प, ही चाल असंख्य चित्रपटगीतांत आणि भावगीतांत येते. ओळ संपता संपता मन कातर होतं, ते बऱ्याचदा त्या कोमल धैवतामुळे.

यासाठी वादक आणखी एक तरफ जोडतात. डाव्या गुडघ्याने वर उचलायची ही तरफ प ला अर्ध्याने उतरवून तीव्र म करते. एकटी वापरली तर तिचा उपयोग मर्यादित. पण ए पेडल दाबलेलं असताना ती लावली, तर त्याच तारेवर एक ओढ वरची आणि एक सैलावणी खालची अशा दोन्ही क्रिया होतात. ए ने प चा ध केला होता, तरफेने त्यातून अर्धा सूर काढून घेतला. तार कोमल ध वर थांबली. ए आणि बी दाबलेले, तरफ उचललेली: सा-म-कोमल ध. म चा मायनर तयार. अशा एकाच तारेवरच्या चढ-उताराच्या मिश्रणाला वादक ‘स्प्लिट’ म्हणतात.

नंतर तरफ आणि दोन्ही पेडलं सोडली की पाचवी तार ध, कोमल ध, प अशी तीन पायऱ्यांनी उतरते, तिसरी तार म वरून ग वर येते आणि चौथी तार, सा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत राहते. या चालीतला खरा आनंद त्या न हललेल्या सा मध्ये आहे. बाकीच्यांनी काय सोडलं आणि काय घेतलं, हे कानाला त्याच्या आधाराने कळतं.

हा मायनर या तरफेशिवाय मिळत नाही का? मिळतो, तीन ठिकाणी. आठव्या घरावर नुसतं ए दाबून, तिसऱ्या घरावर बी-सी दाबून आणि पहिल्या घरावर सा-ला-नी करणारी तरफ लावून. तिसरा पर्याय तर कागदावर अगदी बिनचूक आहे. सळई एक घर पुढे न्यायची, ए आणि बी सोडायची, तरफ लावायची. तिसरी तार एक घर वर जाते आणि पेडल सुटल्याने तेवढीच खाली येते, म्हणजे म चा म च. चौथी तार वर जाते आणि तरफेने खाली येते, म्हणजे सा चा सा च. पाचवी तेवढी अर्ध्याने उतरते. तेच तीन स्वर, त्याच तारांवर. पण हे घडायला हात, पाऊल आणि गुडघा एकाच क्षणी, एकाच वेगाने हलले पाहिजेत. क्षणभर मागेपुढे झालं की स्थिर राहायचे दोन सूर लडखडतात आणि कॉर्ड गढूळ होतो. जास्तीची तरफ नवीन सूर देत नाही. जे सूर स्थिर राहायचे आहेत त्यांना स्थिर राहू देते.

मला वाटतं, कोणत्याही जादा पेडलची किंमत याच मापाने करावी. ते किती सूर हलवतं हे दुय्यम. ते वापरताना किती सूर जागेवर राहतात, हे मुख्य.

दुसरं उदाहरण सहाव्या तारेचं. तिच्यावरचा ग एक पूर्ण सूर उतरवून रे करणारी तरफ पुष्कळांकडे असते. तीच बी पेडलबरोबर वापरली तर म मधून पूर्ण सूर वजा होऊन तार रे आणि म यांच्या मध्ये, नीट जुळवली तर कोमल ग वर थांबते. सा-कोमल ग-प: सा चा मायनर, सळई न हलवता. पॉल फ्रँकलिन या वादकाच्या नावाने ओळखलं जाणारं पेडल याहून पुढे जातं. ते प चा म आणि ग चा रे करतं. नवव्या तारेवर कोमल नी आधीपासून आहेच. कोमल नी-रे-म असा मेजर मिळतो. ज्यांना हा कॉर्ड वारंवार लागतो त्यांना हे पेडल अमूल्य, इतरांना ओझं.

खाली काय घडतं

पेडल दाबलं की एक उभी सळी वाद्याखालचा आडवा दांडा फिरवते, त्यावरची कडी एका लांब पातळ सळीला ओढते आणि ती सळी वाद्याच्या उजव्या टोकाला असलेल्या ‘चेंजर’मधली पट्टी फिरवते. तार या पट्टीवरून गेलेली असते. पट्टी एका बाजूला फिरली तर तार ताणली जाते, दुसऱ्या बाजूला फिरली तर सैल होते आणि स्प्रिंग तिला मूळ जागी आणते. प्रत्येक सळीच्या टोकाला नायलॉनचा नट असतो. तो फिरवून त्या बदलाचा सूर जुळवतात. म्हणजे दहा तारा लावल्या की काम संपलं असं नाही. प्रत्येक बदल हा आणखी एक सूर आहे आणि तो स्वतंत्र लावावा लागतो.

कंपनसंख्या तारेच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अर्धा सूर चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण सूर चढवायला सुमारे २६ टक्के. पाचव्या तारेवरचा ताण साधारण साडेदहा किलो असतो. ए पेडल तो सव्वातेराच्या आसपास नेतं. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर असतो, त्यामुळे एक पेडल दाबलं की सांगाडा किंचित वाकतो आणि न हलवलेल्या तारा केसभर उतरतात. चांगला कारागीर हा दोष कमी करतो, पूर्ण घालवू शकत नाही. प्रत्येक जादा बदलाबरोबर सळ्या, कड्या, वजन आणि हा वाक, सगळंच थोडं वाढतं.

रिषभ एक की दोन?

जादा बदलांचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र श्रुतींचा आहे आणि तो मराठी संगीतरसिकाला परका नाही. अर्धा सूर शंभर सेंटचा मानला तर हार्मोनियमचा ग सा पासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार ३८६ वर. स्टील गिटारवर पडदे दाबायचे नसल्याने अनेक वादक तारा हार्मोनियमप्रमाणे न लावता गांधार उतरवून लावतात. मगच कॉर्ड गोड वाजतो. म च्या मेजरमधला ध ही तसाच, ९०० ऐवजी ८८४ वर. ध चा मायनर या ध वर नीट बसतो. पण ध च्या मेजरसाठी कोमल रे ची तरफ हार्मोनियमपेक्षा ३० सेंट उतरवावी लागते. आणि स्प्लिटमधला कोमल ध हवा असतो ८१४ वर, म्हणजे हार्मोनियमच्या १४ सेंट वर. ध पासून कोमल ध पर्यंतचा उतार मग शंभर सेंटचा नसून सत्तरचाच. चढ आणि उतार यांची नुसती बेरीज तिथे आपोआप पोचत नाही, म्हणून स्प्लिटला वेगळा जुळणीचा स्क्रू द्यावा लागतो.

रिषभाची तर दोन घरं होतात. प च्या जोडीला तो २०४ वर हवा, ८८४ च्या ध खाली रे चा मायनर वाजवताना तोच १८२ वर हवा. फरक २२ सेंट, कानाला टोचण्याइतका. काही वादक यासाठी पेडलला एक जास्तीची सळी जोडतात. ए दाबलं की ती रिषभाच्या तारेला थोडं सैल करते. कॉर्ड मिळवून देण्यासाठी नाही, मिळालेला कॉर्ड सुरात आणण्यासाठी केलेला हा बदल.

हे दोन रिषभ सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बावीस श्रुतींच्या ग्रंथात मांडले होते. इंग्रज सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधाराने श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग झाला, तो याच प्रश्नापोटी. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमनेही त्याला यांत्रिक उत्तर दिलं. तिथे श्रुती रागानुसार आधी निवडायची असते. पेडल स्टीलमध्ये ती वाजवता वाजवता पायाने निवडली जाते.

जबल अलीची हवा

लावणी इतकी बारीक असेल तर हवामानही वादक होतं. दुबईतल्या जबल अलीचंच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर, खोलीत वातानुकूलन. गाडीतून उतरवलेलं वाद्य वीस अंश थंड खोलीत आलं की बारीक तार लगेच थंड होते आणि आखडते. जड सांगाडा मागे राहतो. तिसऱ्या तारेचा साधा हिशोब केला तर सांगाडा गार होईपर्यंत ती सुमारे वीस सेंट चढलेली असते. म्हणजे दोन रिषभांमधला जवळपास सगळा फरक हवेनेच खाल्ला. त्यात सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत, कारण प्रत्येकीची जाडी आणि ताण वेगळा. नंतर सांगाडा थंड होऊ लागतो आणि चित्र पुन्हा बदलतं.

सांगाड्यात धातू कोणता यालाही महत्त्व आहे.  पेडल स्टीलच्या मानेत आणि टोकांच्या पट्ट्यांत ॲल्युमिनियम वापरतात. तापमानाने ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ‘फ्राइंग पॅन’ तर अखंड ॲल्युमिनियमची ओतलेली होती आणि रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तिची लावणी बिघडे. अशा हवेत शहाणपण हेच की वाद्य खोलीत आणून त्याला तास-दीड तास निवू द्यावं, आधी पेडलशिवाय तारा लावाव्यात, मग एकेक पेडल, मग एकेक तरफ आणि स्प्लिट सर्वांत शेवटी, कारण ते दोन्ही बदलांवर अवलंबून असतं.

जोडण्याआधी

ई-नाइन्थच्या बहुतेक गिटारांवर तीन पेडलं आणि चार-पाच तरफा असतात. जागा मर्यादित, गुडघे दोनच. म्हणून जादा बदल ठरवताना आधी एक कागद घ्यावा. ज्या दोन कॉर्डमधली वाट अडते आहे, ते सुरांसह एकाखाली एक लिहावेत. कोणते सूर दोन्हीकडे सारखे आहेत ते पाहावं. ते सारखे सूर आजच्या पेडलांनीही स्थिर ठेवता येत असतील तर यंत्राला हात लावू नये, सराव करावा. येत नसतील तर नवा बदल कोणत्या पेडलबरोबर दाबावा लागेल ते पाहून जागा ठरवावी. ए-बी दाबलेल्या पायाचाच गुडघा वर उचलता येत नसेल, तर ती तरफ उजव्या गुडघ्याकडे न्यावी. आणि बसवल्यावर तिचा सूर हार्मोनियमला विचारून नव्हे, त्या कॉर्डमधल्या स्थिर सुराला विचारून लावावा.